उजवी दांडी

माणूस तोंडानं काहीही सांगेल, पण त्याच्या बुटाचा तळ खोटं बोलत नाही, असं धाकट्याचं मत होतं, आणि तीस वर्षं मापाचे बूट शिवण्यात घालवल्यावर असं एखादं मत बाळगायचा हक्क त्याला होताच. एक पाय आखूड असलेली, टाच वळलेली, अपघातातून उठलेली माणसं त्याच्या दुकानाची पायरी चढत आणि ती नीट टेकायच्या आत त्यानं त्यांचा जुना जोड उलटा करून पाहिलेला असे. कोण घाईचा, कोण एका अंगावर भार टाळतो, कोण दुखत असून दुखत नाही म्हणतो, हे सगळं त्याला झिजेवरून कळे. स्वतःच्या हत्यारांकडे मात्र त्यानं त्या नजरेनं कधी पाहिलं नाही; दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अकरा वर्षांपूर्वी तळ घासायच्या चाकानं उजव्या अंगठ्याचं टोक नेलं, तेव्हा त्यानं महिनाभर पट्टी बांधली, मग आरी धरायची पकड जराशी बदलली आणि विषय संपवला.

दुकान खाली, घर वर. दुपारचं जेवण झालं की दोन ते तीन तो खिडकीजवळच्या आरामखुर्चीत पडे आणि समोर बायको बुटांची अस्तरं शिवत बसे. झोपेत त्याचा उजवा हात खुर्चीच्या हातावर चाळवत राही, अंगठा काहीतरी दाबल्यासारखा इकडेतिकडे होई. जागेपणी आरी चालवून समाधान होत नाही वाटतं, असं ती कित्येक वर्षं म्हणत आली होती आणि तो कित्येक वर्षं हसत आला होता.

पन्नाशी उलटली तरी घरात त्याला धाकटाच म्हणत, कारण त्याच्यावर एक थोरला होता. थोरला तीन महिन्यांपूर्वी गेला. नाव मात्र तसंच राहिलं.

त्या दोघांची आपापसांतली नावं निराळी होती. थोरला ‘पाय’ आणि धाकटा ‘हात’. ती पडली एका खेळापायी. बाजारातल्या एका अंधाऱ्या गाळ्यात व्हिडिओ गेमचं भलं मोठं यंत्र होतं आणि त्याला दोन दांड्या होत्या. डावीनं पडद्यावरच्या इवल्याशा माणसाला पळवायचं, उजवीनं गोळ्या झाडायच्या. चारी बाजूंनी यंत्रमाणसं चालून येत आणि त्या गर्दीत एक आई, एक बाप आणि एक पोर चुकल्यासारखी हिंडत असत. त्यांना जाऊन शिवलं की ती वाचली. पुढं घरच्या टीव्हीला जोडायचा गेम आला आणि त्यात तोच खेळ मिळाला, तेव्हा दोघा भावांना आकाश ठेंगणं झालं. खरं सांगायचं तर घरचा खेळ म्हणजे गाळ्यातल्या खेळाची गरीब पुतणी होती. यंत्रमाणसं निम्मीच, आई कुठली आणि बाप कुठला ते कळू नये इतके सगळे चौकोनी, फार जण एकदम आले की चित्र लुकलुकायचं आणि गोळीचा आवाज कानाशी डास यावा तसा. समोरच्या डॉक्टरांकडे दुसऱ्या बनावटीचा गेम होता. त्याचं चित्र नितळ आणि रंग झकास, पण त्याच्या दांड्या सोडल्या की मधोमध परत येत नसत आणि माणूस बिचारा भिंतीवर जाऊन आदळे. “चित्र त्यांचं चांगलं, खेळ आपला चांगला,” असा निकाल थोरल्यानं दिला होता, आणि त्यावर धाकट्यानं आजवर अपील केलं नव्हतं.

आता त्यांच्या गेमच्या प्रत्येक कंट्रोलरला एकच दांडी, म्हणून सुतारकाम करणाऱ्या वडिलांनी एका फळीला दोन खाचा पाडून दोन्ही कंट्रोलर शेजारी शेजारी घट्ट बसवून दिले. एकाला दोन्ही हातांनी खेळता यावं, हा त्यांचा हेतू. पण पोरांचा समज उलटाच झाला. त्यांना वाटलं, फळी दोघांसाठी आहे. दोघं मांडीला मांडी लावून बसले, फळी दोघांच्या मांड्यांवर आडवी घेतली. डावी दांडी थोरल्याची, उजवी धाकट्याची. एक पळवायचा, एक मारायचा. वडिलांनी पाहिलं आणि म्हणाले, “अरे, हे एकट्यानं खेळायचंय.” थोरल्यानं पडद्यावरची नजर न काढता उत्तर दिलं, “मग आम्ही एकच आहोत.” आणि नवल म्हणजे ते जमलं. पाय कुठं वळणार हे हाताला आधीच कळायचं आणि हात कुठली वाट मोकळी करणार हे पायाला. ती चूक त्यांनी पुढं कधीच दुरुस्त केली नाही.

एकदाच काय ते बिनसलं. सुट्टीत डॉक्टरांचा मुलगा आला आणि थोरल्यानं एका डावापुरती उजवी दांडी त्याच्या हातात दिली. धाकटा दारात उभा राहिला.  मुलगा खेळून निघून गेला, थोरल्यानं “ये” म्हणून हाक मारली, पण हा जागचा हलला नाही. मग थोरल्यानं नवा डाव एकट्यानंच सुरू केला. उजव्या दांडीला त्यानं बोटसुद्धा लावलं नाही, आपला उजवा हात गुडघ्यावर पालथा ठेवला आणि नुसत्या डाव्यानं माणसाला पळवत राहिला. तो इवलासा माणूस एकही गोळी न झाडता ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळत होता आणि भोवतालचं कडं आवळत चाललं होतं. तीन जीव होते, तिन्ही तसेच गेले. धाकट्यानं ते दारातून सगळं पाहिलं आणि तरीही तो गेला नाही. “हात नसला की पायाला पळण्यावाचून काय,” एवढंच थोरला म्हणाला, आणि तेही न रागावता.

मग नोकऱ्या, लग्नं, दोन वेगळी शहरं. गेम थोरल्याकडे राहिला. दहा वर्षांपूर्वी त्याचा फोन आला होता: दोन्ही दांड्यांवर कोरं रबर बसवून घेतलंय, ये. धाकट्याकडे कामाची गर्दी होती. नंतर तो चारदोनदा गेलाही, पण घर माणसांनी भरलेलं असताना आणि उभ्या उभ्या. मध्ये एकदा फोनवर बोलता बोलता त्यानं विचारलं, दुपारी करतोस काय? खेळतो, थोरला म्हणाला. कुणाबरोबर? थोरला हसला आणि म्हणाला, “हाताबरोबर.” धाकट्यानंही हसून फोन ठेवला. पण बुटात खडा राहावा तसा तो शब्द राहून गेला.

गेल्या आठवड्यात वहिनींनी खोकं पाठवलं. तुमच्या भावाची आठवण म्हणून ठेवा, असं आत चिठ्ठीत होतं. धाकट्यानं खाली दुकानात, कामाच्या मेजावर, फळी वर्तमानपत्रातून सोडवली. वडिलांच्या हाताच्या खाचा होत्या, कडेला थोरल्यानं खिळ्यानं कोरलेला पाय होता आणि पलीकडे धाकट्यानं कोरलेला हात. डोळे भरून आले. ते पुसून त्यानं सवयीनं दांड्यांची डोकी उजेडाकडे फिरवली, आणि डोळे कोरडे झाले.

डाव्या दांडीचं रबर झिजलेलं होतं, ते ठीकच. तो थोरल्याचा रुंद, सरळ दाब होता. पण उजव्या दांडीचंही रबर तितकंच झिजलेलं होतं. दहा वर्षांपूर्वी कोरं बसवलेलं रबर. आणि ती झीज त्याची नव्हती. पोरवयात तो दांडीच्या डोक्यावर अंगठा सपाट ठेवी. इथं अंगठा बाजूनं रेललेला होता, डाव्या अंगाला तिरका खळगा पडला होता आणि खळग्याच्या तोंडाशी नखाएवढा उंचवटा शिल्लक होता. एक-दोन दिवसांच्या पाहुण्याचं हे काम नव्हे. कुणीतरी वर्षानुवर्षं, रोज, थोरल्याच्या मांडीला मांडी लावून बसलं होतं.

त्यानं वहिनींना फोन केला. आधी इकडचं तिकडचं बोलला आणि मग, सहज म्हणून, त्यांच्याकडे दुपारी कोण यायचं ते विचारलं.

“कोण येणार, भावोजी? दोन ते तीन दार लावून एकटेच बसायचे,” वहिनी म्हणाल्या. “बोलायचे मात्र.”

“काय बोलायचे?”

“‘मार’ म्हणायचे. ‘मागं बघ’ म्हणायचे. आणि शेवटी शेवटी सारखं ‘शाब्बास’.”

धाकट्याला थोरल्यानं उभ्या जन्मात कधी शाब्बास म्हटलं नव्हतं. एकाच माणसाचा पाय त्याच माणसाच्या हाताला शाब्बास कशाला म्हणेल, अशी त्यानं इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली होती. आता कळलं, म्हणायचा तो, फक्त दुसऱ्याला. मेलेल्या भावाचा हेवा करता येत नाही, पण त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाचा करता येतो, आणि धाकट्यानं तो मनापासून केला. वहिनी झाकतायत असं वाटलं. वहिनींचा भाऊ असेल, वरच्या मजल्यावरचा कुणी असेल, प्रत्येकाचा अंगठा तो आठवून पाहू लागला. रात्री जेवतानाही तेच चाललं. बायको म्हणाली, “नवऱ्यानं दुसरं घर केल्यासारखं तोंड झालंय तुमचं.” मग जरा मऊ होऊन तिनं सांगितलं की विश्रांती घ्या, ह्या आठवड्यात झोपेतला हातही जरा जास्तच चालतोय.

काल सकाळी त्यानं गेम जोडला आणि दोन्ही दांड्या घेऊन एकटा खेळायला बसला. डावा हात त्याला साथच देईना. माणूस जागीच थिजून मरत होता. उजव्या अंगठ्याखाली तो परका खळगा मात्र लागत होता, गुळगुळीत, वापरून वापरून मऊ झालेला, आणि त्याला तिथं अंगठा ठेवणंसुद्धा दुसऱ्याच्या अंथरुणात शिरल्यासारखं वाटलं. तो उठला. फळी खाली नेली, रापीला धार लावली, आणि चामड्याची कड तासावी तसा एका फटक्यात त्या दांडीवरचा झिजका भाग सपकन उडवला. बंद्या रुपयाएवढी चकती कातरणाच्या टोपलीत पडली. तिथं त्यानं तळाच्या नव्या रबराचा तुकडा चिकटवला, कागदानं घासला आणि समाधानानं हात झटकले. दुपारचा दीड वाजला होता. तेवढ्यात एक गिऱ्हाईक मोठं काम घेऊन आलं आणि काल दुपारी झोप काही झाली नाही.

आज सकाळी त्याच कामाला बसला असताना आरीची मूठ सैल लागली. नवी मूठ बसवावी म्हणून त्यानं जुनी काढली आणि ती हातात उलटी धरून, कुणा गिऱ्हाइकाचा जोड पाहावा तसं, पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. लाकडाला डाव्या अंगानं तिरका खळगा पडला होता. खळग्याच्या तोंडाशी, अंगठ्याचं टोक जिथं पोचत नाही तिथं, नखाएवढा उंचवटा शिल्लक होता.

 मग त्यानं कातरणाची टोपली जमिनीवर पालथी केली आणि गुडघे टेकून ती चकती शोधून काढली. मुठीशेजारी धरली. मग अंगठा ठेवला. आपल्याच जुन्या बुटात पाय जावा तसा तो आत बसला.

कोरं रबर बसवल्यापासून त्यानं त्या दांडीला खोकं घरी येईपर्यंत एकदाही हात लावला नव्हता. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जन्मभर झीज खोटं बोलत नाही म्हणत आला, हेही तितकंच पक्कं होतं. तो हात कुणाचा ते आता त्याला विचारायचंच नव्हतं. आपण काल काय कापलं, तेवढंच डोक्यात राहिलं होतं. त्यानं नवा तुकडा ओरबाडून काढला, चकती जागच्या जागी लावली, भरपूर सोल्यूशन लावून वरून दोरा गुंडाळला. घट्ट गाठ मारली. सुकायला उद्या सकाळ उजाडणार होती. त्याआधी हात लावला तर ती सरकणार, हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं?

जेवायला वर गेला तेव्हा, आज झोपायचं नाही, असं ठरवूनच तो खुर्चीत बसला. पण इतक्या वर्षांची सवय ठरवण्याला जुमानत नाही. घड्याळात दोन वाजलेले त्यानं पाहिले आणि त्यानंतर तीन वाजलेले पाहिले.

अंग घामानं भिजलं होतं. समोर बायकोनं शिवण मांडीवर ठेवली होती आणि ती त्याच्याकडे जराशा चिंतेनं पाहत होती.

“आज उजवा अगदी गप्प होता तुमचा,” ती म्हणाली. “नुसता गुडघ्यावर पालथा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.”

त्यानं उजवा हात उचलून पाहिला.

“डावा मात्र तासभर नुसता पळतोय. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, कुणी मागं लागल्यासारखा.” तिनं सुई अस्तरात खोचली आणि खुर्चीच्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. “अजून थांबला नाही, बघा.”