गाऱ्हाण्यावर ठरलेलं छप्पर

लालबागच्या त्या दोन मजली चाळीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने आपल्या डोक्यावरचं छप्पर आपणच बघायचं, हा नियम घरमालकाने केला नव्हता आणि भाडेकरूंनीही केला नव्हता. तो आपोआप रूढ झाला होता. जयवंत परबांनी एकसष्टाव्या वर्षापर्यंत तो तीनदा पाळला. गेल्या पावसाळ्यात मात्र कौलांखालच्या लाकडी रिपाच कुजल्या आणि पाणी नेमकं आई झोपायची त्या कोपऱ्यात उतरू लागलं. सत्त्याऐंशी वर्षांच्या गंगुबाईंना न्यूमोनिया झाला. परळच्या हॉस्पिटलातून सुटल्या त्या थेट वरळीला, मुलीकडे गेल्या. वैशालीला बीडीडी चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर नवं घर मिळालं होतं. ओल असलेल्या खोलीत यांना परत न्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"छप्पर करून घेतो आणि पावसाच्या आत तुला घरी नेतो," जयवंत आईला म्हणाले.

"नक्की मां रे?" गंगुबाईंनी विचारलं. लग्न होऊन मुंबईत आल्या त्या लालबागच्या त्याच खोलीत. वरळीच्या घरात त्यांना काही कमी नव्हतं, पण दार उघडलं की समोर दुसरं बंद दार दिसायचं.

जयवंत गावच्या मुंबईतल्या मंडळाचे एकोणीस वर्षं सेक्रेटरी होते. मंडळाची सभा महिन्यातून एकदा रविवारी सकाळी परळला, गावकीच्या खोलीत भरायची. सुरुवातीला ग्रामदेवतेच्या फोटोपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. एकाने देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्यामागे "होय म्हाराजा" म्हणायचं. जयवंतांसारखं गाऱ्हाणं मुंबईत कोणी घालत नाही, असं लोक म्हणत.

फेब्रुवारीच्या सभेत त्यांनी छपराचा विषय काढला, तेव्हा अजित गावडे उठून उभा राहिला. चाळिशीचा, गावचाच, कौलं-पत्र्यांचा कॉन्ट्रॅक्टर.

"तात्यानू, तुमचा काम म्हणजे माझ्या घरचा काम. बाहेरचो माणूस कशाक व्हयो?"

अध्यक्षांनी लगेच नारळ पुढे सरकवला. गाऱ्हाणं स्वतः जयवंतांनीच घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान जा काम हाती घेतल्यान हा, ता बिनविघ्न पार पाड."

"होय म्हाराजा!"

एवढ्यावर काम ठरलं. देवापुढे ठरलेल्या कामाचा कागद मागायचा म्हणजे देवावरच संशय घ्यायचा. तसा कागद मंडळात आजवर कोणी मागितला नव्हता.

"कौलं कुठली, किती दिवसांत, काही लिहून घेतलंत?" घरी सुचित्राने विचारलं.

"नारळ ठेवलाय."

"नारळावर तारीख असते का हो?"

जयवंत हसले. त्यांना बायकोचं बोलणं नेहमीच जरा धारदार वाटायचं.

मार्चच्या सुरुवातीला अजितच्या माणसांनी दोन दिवसांत सगळी कौलं उतरवली आणि वर निळी ताडपत्री ताणली. तिसऱ्या दिवशी माणसं शिमग्याला गावी गेली, ती एप्रिल अर्धा झाला तेव्हा परतली. आठवडाभर त्यांनी नव्या रिपा ठोकल्या. मग गावी लग्नं निघाली. फोन केला की अजित नम्रपणे बोलायचा. "तात्यानू, कामगार आपलेच आसत, त्यांका नाय कसा म्हणू?" जयवंत फोन ठेवून द्यायचे. गावी जायच्या रजेवरून मंडळात भांडण आलं की ते स्वतः हेच म्हणत आले होते. सुचित्रा सकाळी ताडपत्रीखाली स्वयंपाक उरकून दुपारभर शेजारच्या अक्षताकडे जाऊन बसायची.

मेच्या अठ्ठावीस तारखेला टेम्पो आला. त्यात कौलं नव्हती. हिरवे पत्रे होते.

"अरे, कौलं?"

"कौला आता कोण लावता, तात्यानू? पत्रो बरो. साफसफाई नको, काय नको."

"आणि आमची जुनी?"

"ती फुटकीच होती. दिली."

कोणाला दिली, ते त्याने सांगितलं नाही. पत्रे बसल्यावर जयवंतांनी पंख्याचा रेग्युलेटर पाचवर नेला. पत्र्याखाली पंखा गरम हवाच फिरवत होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी आलं. परबांचा पत्रा आणि अक्षताच्या घराची कौलं जिथे भेटतात, तिथे पाणी वाहून न्यायला पन्हळ घालायची असते. ती अजितने घातली नव्हती, सिमेंट थापलं होतं. पाणी त्या सिमेंटवर थांबायचं आणि आईच्या कोपऱ्यातल्या भिंतीवरून ओघळायचं. अजित येऊन बघून गेला. म्हणाला, "ह्या पाणी बाजूच्यांच्या कौलांचा आसा. आपला नाय."

पुढच्या रविवारच्या सभेत जयवंतांनी गाऱ्हाणं घातलं आणि मग तक्रार मांडली. काय ठरलं, काय झालं, कोणत्या तारखेला. आवाज चढवला नाही. एकोणीस वर्षं ते इतरांच्या तक्रारींचं इतिवृत्त लिहीत आले होते, तसंच स्वतःचं सांगितलं.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "तात्या, देवासमोर ठरलेलं काम. त्याची चर्चा बाहेर जायला नको. अजित, काय म्हणतोस?"

अजित उठला आणि सरळ जयवंतांच्या पाया पडला. "माझी चूक आसा. पाऊस सरलो की पन्हळ घालून देतंय. देवाक शब्द."

अध्यक्षांनी नारळाला हात लावून ते देवापुढे बोलून टाकलं. सगळे म्हणाले, "होय म्हाराजा." जयवंतही म्हणाले. सवयीने तोंडातून शब्द गेल्यावर ते त्यांच्या लक्षात आलं.

जिन्यात विनीत भेटला. तिशीचा, काळाचौकीला राहणारा. गेल्या वर्षी अजितने केलेल्या त्याच्या बाथरूमची तक्रार सभेत आली होती, तेव्हा "आपलोच माणूस, सांभाळून घेवया" हा निवाडा जयवंतांनीच दिला होता.

"केलं का रे त्याने तुझं नंतर?" जयवंतांनी विचारलं.

"नाही, तात्या. मी दुसऱ्याकडून करून घेतलं."

"मला बोलला नाहीस."

"तुम्हीच सांगितलं होतं ना, बाहेर बोलायचं नाही." टोमणा मारल्यासारखं तो बोलला नाही. "सोडू तुम्हाला? बाईक आहे."

"वरळीला जायचंय."

"चला की."

अठराव्या मजल्यावर वैशालीने दार उघडलं. गंगुबाई आवरून खुर्चीत बसल्या होत्या. पायाशी चेन लावलेली बॅग होती. पावसाच्या आत नेतो म्हणाला होता आणि पाऊस तर लागला, तेव्हा मुलगा आज येतोय तो न्यायलाच, असं त्यांनी आपलं आपण ठरवलं होतं.

जयवंतांनी पाणी मागितलं. ग्लास संपवून म्हणाले, "आई, पाऊस संपल्यावर."

गंगुबाईंनी विचारलं, "दिवाळीक?"

"दिवाळीला."

"गळता?"

"तुझ्याच कोपऱ्यात."

त्यांनी मान हलवली. खाली कुठेतरी गाडीचा रिव्हर्सचा आवाज होत होता, तो इथपर्यंत बारीक येत होता. मग त्यांनी पायाने बॅग मुलाकडे सरकवली.

जयवंत जमिनीवर बसले आणि चेन उघडली. चार लुगडी, शाल, औषधांचा डबा, टॉवेल. एकेक काढून ते भिंतीतल्या कपाटात ठेवू लागले. वरचा कप्पा रिकामा होता, म्हणून लुगडी त्यात ठेवली.

"थय नको," गंगुबाई म्हणाल्या. "माझो हात पावना नाय. खाली ठेव."

जयवंतांनी लुगडी खालच्या कप्प्यात ठेवली आणि रिकामी बॅग वर सारली.