वरच्या टॉवरवाला बाबा आणि एक जूनचा वाढदिवस

मे अखेरची गोष्ट. कैऱ्या चिरून झाल्या होत्या. मेथी किती घालायची ते ऐकायला मी तुळशीचा फोन उघडला. तुळशी माझी बायको. दिवाळीनंतर गेली. जाण्याआधी लेकीसाठी, तेजलसाठी, तिने सगळी लोणची बोलून रेकॉर्ड केली होती, मधेमधे मला ओरडतसुद्धा. ती रेकॉर्डिंगं तिच्या ईमेलच्या खात्यात होती. फोन म्हणाला, पासवर्ड चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. मग खालच्या मजल्यावर संजीवनीकडे गेलो. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवते.

"आण्णा, हा पासवर्ड शेवटचा कुठे टाकलात?"

"दरबारात. वायफायला."

"वायफायला ईमेलचा पासवर्ड कोण मागतं?"

"बाबा मागतात," मी म्हणालो.

दरबार म्हणजे सोनिवलीच्या माळावरचा मांडव. उल्हासनगर-अंबरनाथहून रिक्षा भरभरून माणसं येत. मधोमध जयदेवबाबा, कानांवरून घट्ट बांधलेला फेटा. आपलं कनेक्शन थेट वरच्या टॉवरला आहे, तिथली रेंज कधी जात नाही आणि रिचार्जही लागत नाही, असं सांगायचे. माळावर मोबाईलची रेंज नावालाच, पण दरबाराचं वायफाय फुकट. जोडलं की बाबांचा फोटो यायचा. खाली लिहिलेलं, ईमेल आणि पासवर्ड टाका, आशीर्वाद सुरू होईल. माझं स्वतःचं ईमेल नाही, मी तुळशीचंच टाकलं. टाकलं की थोड्या वेळाने बाबा तुम्हाला नावाने हाक मारून मनातलं सांगत. मला म्हणाले होते, तुझी बायको हिरव्या साडीत समुद्रापाशी उभी आहे, चपला हातात आहेत. अलिबागला ती अशीच उभी होती. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडलो. तो फोटो मीच काढला होता आणि तो तिच्याच खात्यात होता, हे तेव्हा सुचलं नाही.

त्या संध्याकाळी संजीवनी माझ्याबरोबर दरबारात आली. तिने ईमेलच्या जागी 'भोपळा' लिहिलं, पासवर्डही 'भोपळा'. पान म्हणालं, जय दरबार, आपले स्वागत.

"खरं कुलूप चुकीच्या किल्लीने उघडत नाही, आण्णा," ती म्हणाली. "हा नुसता किल्ल्या गोळा करायचा डबा आहे."

तेवढ्यात बाबांनी मला पुढे बोलावलं. डोळे मिटून म्हणाले, "तुळशी सांगतेय, एक जूनला माझा वाढदिवस. महापूजा घाला, मी सुटेन."

तुळशीचा जन्म होळीच्या रात्रीचा. तिचा वाढदिवस आम्ही पुरणपोळीवरच करायचो. एक जून टाकला तो नाव घालताना शाळेच्या मास्तरांनी, जसा आमच्या पिढीत निम्म्या वर्गाला टाकायचे. तीच तारीख आधारवर आली आणि त्यावरून ईमेलच्या खात्यात.

मी माईक मागून घेतला. "बाबा, मेल्यावर ती शाळेचा दाखला बघून बोलते का?"

मग लोकांना विचारलं, बाबांनी आणखी कोणाकोणाला एक जून सांगितला? हात वर येत गेले. म्हाताऱ्या राजाबाई उठल्या. "माना पन. माजी आय सांगं, मी गौरीचे दिसान झाले." मागून कोणी म्हणालं, वरही तोच मास्तर बसलेला दिसतो. मांडव हसला. बाबा म्हणाले, वरच्या टॉवरला प्रॉब्लेम आहे.

संजीवनी वायफायच्या वायरीमागे चालत मांडवामागच्या पत्र्याच्या खोलीपाशी गेली आणि तिने दार ढकललं. आत दोघे जण. एकाच्या हातात माईक, समोर लॅपटॉप, त्यावर तुळशी, हिरवी साडी, हातात चपला. लोकांनी बाबांचा फेटा सोडला तेव्हा कानातला इअरफोन गळ्यात आला. पोलीस येऊन तिघांना आणि लॅपटॉपला घेऊन गेले.

मंडळी, फुकटच्या वायफायला नाव कोणीही काहीही देऊ शकतो, मांडवात असो की स्टेशनावर. तिथे ईमेलचा पासवर्ड मागितला की परत फिरा. बँकेचं काम स्वतःच्या नेटवर करा. पासवर्डनंतर फोनवर दुसरी खूण, म्हणजे ओटीपी, मागणारी सोय खात्याला लावून घ्या. तुळशीच्या खात्याला ती नव्हती. आणि तुमचं गुपित कोणी ओळखलं तर पाया पडण्याआधी विचारा, याला हे कळलं कुठून?

चोरांनी पासवर्ड बदलला, सोबतचा फोन नंबरही बदलला, आणि नवा पासवर्ड सांगत नाहीत. तक्रार केली आहे. ईमेलवाली कंपनी म्हणते, खातेदाराने स्वतः ओळख पटवावी. ते बाबांनाच जमलं असतं. खातं अजून मिळालेलं नाही. कैऱ्या मिठात आहेत, लोणचं घातलेलं नाही.