झानचे कुळ

सितान कुलिबाली यांच्या मालीतल्या बामाको शहरातल्या अंगणात चहाची पहिली फेरी संपली, तरी कोणी हसले नव्हते. हसणे अपेक्षित होते. त्यांची नात न्येले हिने कित्येक महिने खपून लढाईचा व्हिडिओ गेम रचला होता, आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्यातला शिकारी फाकोरो राक्षसांना लोळवत होता. त्याच्या मागे धावणारा सोबती झान फारसा लढत नसे. त्याचे काम तोंड चालवण्याचे.

"दादा, भाला फेकलास की हरवलास?" झान म्हणाला. "राक्षस जांभया देतोय."

शेजारच्या बाकारी त्राओरे यांनी पेला खाली ठेवला. "हे दोघे एकमेकांचे कोण?"

"सख्खे भाऊ," न्येले म्हणाली. "दोघेही कुलिबाली. आजीचं कुळ म्हणून मुद्दाम घेतलं."

"आणि धाकटा थोरल्याला असं बोलतो? याला कोणी वळण लावलंच नाही का, सितान वहिनी?"

बाकीच्यांनीही माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हाच गेम स्पर्धेच्या परीक्षकांपुढे जायचा होता. न्येले संगणकाकडे वळली. "झानला काढूनच टाकते. लढू दे फाकोरोला एकट्याला."

सितानबाईंना दोष पहिल्याच टोमण्याला कळला होता, आणि त्यावरचे औषधही. झानला केइता कुळातला करायचे. केइताने कुलिबालीला वाटेल ते बोलावे, कुलिबालीने हसत ऐकून दामदुपटीने परत करावे, ही पूर्वजांची रीत. त्यात राग धरणारा अडाणी ठरतो. परंतु मग या गेममधून घरोघरी एक केइता कुलिबालींना चवळीखाऊ म्हणत फिरणार. बाईंचे दिवंगत यजमान मुसा केइता जन्मभर तेच म्हणत आले, आणि बाईंनी त्यांना एकदाही शेवटचा शब्द मिळू दिला नव्हता. आता तो शेवटचा शब्द आपणच साऱ्या गावासमोर केइतांना द्यायचा?

न्येलेचे बोट झानला पुसून टाकणाऱ्या कळीवर गेले. पडद्यावर झान कमरेवर हात ठेवून उभा होता, थेट मुसांसारखा.

"थांब," बाई म्हणाल्या. "तो केइता आहे."

न्येलेचा चेहरा उजळला. "आजी, मग तुझ्या कुळाची धडगत नाही."

"तूही केइताच. म्हणून तर एवढी साधी गोष्ट सुचली नाही. माझी एक अट आहे. तुझा फाकोरो मुका का? कुलिबाली कधी निरुत्तर झालेला पाहिलास? त्याची उत्तरं मी सांगते."

चहाची दुसरी फेरी होईपर्यंत बाई सांगत राहिल्या आणि न्येले आवाज जाड करून ती वाक्ये संगणकात भरत राहिली. तिसऱ्या फेरीला गेम पुन्हा सुरू झाला.

"चवळीखाऊ कुलिबाली," झान केइता म्हणाला, "तुझ्या पोटाच्या गडगडाटानेच राक्षस पळाला. भाला कशाला उगाच?"

"तुझे पूर्वज राजे होते म्हणे, केइता," फाकोरो उत्तरला. "म्हणूनच माझं गाठोडं इतक्या ऐटीत वाहतोस."

बाकारींच्या हातातला चहा सांडला. सारे अंगण हसत होते.

"आता कशी घरातली माणसं वाटतात," ते डोळे पुसत म्हणाले. "मुसा असता तर, वहिनी..."

"असता तर अजून बोलत बसला असता," बाई म्हणाल्या आणि जेवणाच्या पातेल्यावरचे झाकण त्यांनी काढले. शिजलेल्या चवळीचा वास अंगणभर पसरला.

न्येलेचे ओठ हलले.

"एक अक्षर बोललीस, तर उपाशी निजशील."

न्येलेने मुकाट्याने थाळी पुढे केली.