शहाजीच्या फटफटीला लेप

वासुकीला आपला दीर शहाजी कधीच आवडला नव्हता. तंजावुरातल्या एका विमा कचेरीत तो अधिकारी होता. चाळिशी उलटलेली, पोट सुटलेलं, आणि या वयात त्याने नव्या मोटारसायकलचा कंपनीचा सायलेन्सर काढून तिथे एक पोकळ नळकांडं बसवून घेतलं होतं. तो गल्लीत शिरला की घरातली भांडी थरथरत. वासुकी घरी वीणा शिकवी. त्याची गाडी येताना ऐकली की तिच्या विद्यार्थिनी हात आवरून बसून राहत.

एका संध्याकाळी त्याने अंगणात गाडी उभी केली, तेव्हा ती ओसरीवरूनच म्हणाली, "भावोजी, देवळात तवीलचा ढोल बडवणारा तुमच्यापेक्षा बरा. त्याला निदान ताल कळतो."

मुली तोंडावर हात धरून हसल्या. शहाजीचे कान लाल झाले.

"आवाज घालवून दाखवतो, वैनी."

"जुना सायलेन्सर मागच्या खोलीत पडलाय. तोच लावा."

"तो लावला तर गाडी आहे की शिलाईचं यंत्र, कळणार नाही. हे काम शास्त्राने करायचं असतं."

रविवारी त्याने गाडी खोलली. मोटारींच्या तळाला मारतात तो काळा रबरी लेप आणून बाजूच्या झाकणांना, चिखलपट्ट्यांना आतून फासला. पत्र्याची खडखड खरोखरच गेली. वासुकीच्या कानाने ते लगेच टिपलं आणि तिला त्याचा रागच आला. नळकांडं मात्र पूर्वीसारखंच गर्जत होतं. शहाजीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लेप कमी पडला, असं ठरवून उरलेला त्याने थेट इंजिनाच्या पात्यांवर थापला.

"अरे, त्या पात्यांना वारा लागायला हवा ना?" त्याचा थोरला भाऊ, वासुकीचा नवरा मुरलीकृष्ण भीत भीत म्हणाला.

"दादा, तू शाळेत भूगोल शिकव."

त्याच आठवड्यात वासुकीला ओरत्तनाडूच्या एका शाळेत संगीतस्पर्धेची परीक्षक म्हणून जायचं होतं. बस चुकली. स्कूटर मुरलीकृष्ण घेऊन गेला होता. शहाजीने गाडी दारात आणली. दुसरा इलाज नव्हता, म्हणून ती बसली.

कालव्याच्या कडेने जाताना डांबर जळल्यासारखा वास येऊ लागला.

"भावोजी, काहीतरी जळतंय."

"नवा लेप आहे, मुरतोय."

थोड्याच अंतरावर पायांमधून धूर वर आला. गाडी खडखडून जागीच थांबली. वितळलेला लेप इंजिनावरून ओघळत होता आणि वासुकीच्या रेशमी पातळाच्या जरीकाठावर काळे ठिपके पडले होते. भाताच्या शेतातल्या बायका कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या.

"थोडी थंड झाली की होईल सुरू," शहाजी म्हणाला.

वासुकीने काठाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आवाज गेला बघा," ती म्हणाली आणि मागून आलेल्या गावच्या बसला हात केला. बसमधून तिने वळून पाहिलं नाही. शाळेत मुख्याध्यापिकेने काठाबद्दल विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आमच्या घरातलं शास्त्र आहे हे."

गाडी टेम्पोतून परत आली. मिस्त्रीने पात्यांवरचा लेप खरवडून काढला. नंतर एका सकाळी, सगळे देवपूजेत असताना, शहाजीने मागच्या खोलीतून जुना सायलेन्सर काढला आणि एकट्यानेच बसवला. देवघराच्या खिडकीतून वासुकीने ते पाहिलं.

संध्याकाळी गाडी इतक्या हलक्या आवाजात आली की वीणेचा धडा थांबला नाही. शेजारचा सेतुमाधव फाटकाशीच म्हणाला, "शहाजी, गाडी ऐकूच आली नाही की."

"लेप आहे लेप," शहाजी मोठ्याने म्हणाला. "पुष्कळ अभ्यास करावा लागला." आणि त्याने ओसरीकडे नजर टाकली.

वासुकी काही बोलेल, म्हणून तो उत्तर तयार ठेवून उभा होता. तिने मान वर केली नाही. समोरच्या मुलीचं बोट तारेवर जरा सरकवून ती म्हणाली, "हां, इथे. पुन्हा वाजव."

सेतुमाधव निघून गेला, तरी शहाजी बराच वेळ गाडीपाशीच उभा होता.