बर्फाने फसवलेली कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे, मसुराच्या दाण्याएवढी. हसू नका! काचबिंदू झालेल्या डोळ्यात बसून आतला दाब सांगायचा, यासाठी माझा जन्म झाला. माझ्या पोटात बॅटरी नाही. डोळ्यासमोर एक यंत्र धरलं की मला त्यातून बिनतारी वीज मिळते आणि मी दाब सांगते. पण वीज जास्त झाली की मी तापते. एका अंशापलीकडे तापायचं नाही, अशी मला सक्त ताकीद होती.

पोर्तो रिकोत, मायागुएसच्या एका छोट्या प्रयोगशाळेत यारिएलाने मला घडवलं. चाचणीसाठी डुकराचे डोळे लागत. नाताळ तोंडावर आलेला, घरोघरी डुक्कर भाजायची तयारी चाललेली. खाटीक चेलो म्हणे, "डोळे कोण खातंय? न्या हवे तेवढे!" उकाड्यात ते नासू नयेत म्हणून यारिएला ते बर्फाच्या चुऱ्यावर ठेवूनच मला तपासायची. मी जेमतेम अर्धा अंश तापले. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या आणि मी फुशारून गेले.

मला आधी बसवणार होते दोन्या ओब्दुलियाच्या डोळ्यात; दोन्या म्हणजे तिकडचं 'बाई'. ही मोका गावची लेस विणणारी म्हातारी. उजवा डोळा काचबिंदूने नेला होता, डावा तेवढा शिल्लक. पणतूच्या बाप्तिस्म्याचं झबलं अर्धं विणून झालं होतं. एके दिवशी ती मला बघायला आली.

"पोरी, हा बर्फ कशाला गं?"

"डोळा नासू नये म्हणून, दोन्या."

"अगं बाई! माझा डोळा काय बर्फात असतो? गार शहाळं गालाला लावून आज उकाडा नाही म्हणण्यातली गत झाली ही!"

यारिएलाचा चेहराच पडला. तिने लगेच नवा डोळा अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवला आणि मला पुन्हा तपासलं. मी चक्क अडीच अंश तापले! इतके दिवस माझी ऊब बर्फच गिळत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारीचा एकुलता एक डोळा मी भाजला असता, मित्रांनो.

मग यारिएला दोन महिने रात्रंदिवस राबली. नवं यंत्र वीज थोडी थोडी देतं आणि काम होताच आपसूक बंद पडतं. माझी धाकटी बहीण, म्हणजे नवी कडी, कोमट पाण्यातही पाव अंशापलीकडे तापली नाही. तीच ओब्दुलियाच्या डोळ्यात बसली. मला केरात टाकणार, इतक्यात म्हातारी कडाडली, "खबरदार! ही तापली म्हणून माझी थंड राहिली. आण इकडे."

आता मी, ज्या उशीवर टाचण्या टोचून ती लेस विणते तिच्याजवळ, काचेच्या कुपीत राहते. रोज सकाळी ती यंत्र डोळ्यासमोर धरते आणि कुरकुरते, "झालंसुद्धा? जरा ऊब तरी द्यायची होतीस, मेल्या!"

मित्रांनो, कुणाच्या डोळ्यात काही ठेवण्याआधी चाचणीतला बर्फ बाजूला करा, एवढंच माझं मागणं आहे. बाप्तिस्मा ईस्टरपर्यंत लांबला, पण झबलं पुरं झालं. त्याच्या गळ्यापाशी ओब्दुलियाने मसुराएवढी एक कडी विणली आहे. बाळाला झबलं घालताना तिने माझी कुपी उचलून ती विणलेली कडी मला दाखवली आणि म्हणाली, "ही तू."