नवाकोरा फ्रिज

फ्रिज गार करत नाही म्हणून मला बोलावलं, तेव्हा त्या घरात दुखण्याचं निदान आधीच होऊन बसलं होतं, तेही दोन. मालक कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या मते गॅस गेला होता. जावयाच्या मते कॉम्प्रेसर बसला होता. जावई टायर विकतो, पण सासुरवाडीत त्याला सगळंच कळतं. आपलंच खरं हे दाखवायला दोघंही घटकेघटकेला फ्रिज उघडून आत हात घालत होते.

मालकांची बायको तेवढी गप्प होती. मला पाणी देताना वहिनींनी हळूच विचारलं, माझ्या इन्सुलिनच्या बाटल्या यातच असतात, त्या खराब तर झाल्या नसतील? त्यांची साखर उतरत नव्हती. डॉक्टरांनी दोन महिन्यांत दोनदा मात्रा वाढवली होती. मालकांचं म्हणणं, हिचा जिभेवर ताबा नाही. जावयाचं म्हणणं, आई चालायला जात नाहीत. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

मी कामाला लागलो. आधी कान लावला. कॉम्प्रेसर बिचारा न थांबता राबत होता. मागची नळी चांगली तापलेली, म्हणजे गॅसही जागेवर. मग एक कागदाची पट्टी दारात धरली, दार लावलं आणि पट्टी ओढली. चांगलं दार पट्टी सोडत नाही. इथे ती लोण्यातून केस निघावा तशी बाहेर आली.

दाराचं रबर धडधाकट होतं, पण ते टेकायला जागाच नव्हती. फ्रिज चार वर्षांचा, तरी कारखान्यातलं निळं प्लास्टिक अजून दारावर. त्या घरात सोफा, पंख्याचं बटण, भिंतीवरचं घड्याळ, सगळंच असं झाकलेलं. फ्रिजचं प्लास्टिक जिथे सुटे, तिथे मालक ते आत दुमडून वर चिकटपट्टी मारत. पट्टीवर पट्टी चढून रबराखाली बोटभर थर झाला होता. त्या फटीतून चार वर्षं थोडाथोडा गारवा खोलीत जात होता, आणि गेले काही महिने तर जवळजवळ सगळाच.

मी तसं सांगितलं. जावई लगेच म्हणाला की त्याला आधीपासूनच शंका होती. मालकांनी मात्र मला बाजूला घेतलं. गॅस भरा म्हणाले, हवा तर कॉम्प्रेसर बदला, पण त्या प्लास्टिकला हात लावू नका. ते काढलं की वस्तू जुनी होते.

वहिनी मागेच उभ्या होत्या.

"अहो, मग लग्नात मलाही असंच गुंडाळून ठेवायचं होतं. टिकले असते."

आणि त्यांनी कोपरा धरून प्लास्टिक ओढलं. ते एका दमात निघालं नाही, चार वर्षं चिकटलेलं होतं. जावयाने मदतीला हात पुढे केला, तो वहिनींनी बाजूला सारला.

माझ्या घरीही हेच औषध लागतं, म्हणून पुढचं मला बोलावंच लागलं.

"साहेब, जुन्या बाटल्यांमध्ये दम राहिला नसेल. नवी आणाल ती पुऱ्या ताकदीची असेल. ही वाढवलेली मात्रा तशीच टोचली तर साखर एकदम खाली जाईल. आधी डॉक्टरांना विचारा."

मालकांनी फोन लावला. औषध कधीपासून गरम राहत होतं, असं पलीकडून विचारलं असावं. मालकांनी आधी जावयाकडे पाहिलं. त्याला पहिल्यांदाच काही मत नव्हतं. मग ते म्हणाले, "फ्रिज घेतल्यापासून. चूक माझी."

कमी केलेली नवी मात्रा त्यांनी कचेरीतल्या वळणदार अक्षरात लिहून घेतली आणि खात्रीसाठी दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्या वेळी आकड्यापाशी येऊन ते चष्मा पुसायला लागले, तेव्हा तो वहिनींनी वाचला.