हात धुण्याची चार मिनिटं

हरकत मंजूर झाली तर जोतीरामला रोजची एक्कावन्न मिनिटं मिळणार होती. हंगाम पाच महिन्यांचा धरला, तर सव्वाशे तासांच्या वर. एवढ्या तासांचं हा माणूस करणार काय, असा प्रश्न गावात कुणाला पडला नाही. पडला तो त्याच्या बायकोला, मनुबाईला. उत्तरही तिनंच दिलं.

"झोपंल. आन काय."

जोतीरामचं गुऱ्हाळ कुंडलच्या बाहेर, रस्त्याला लागून. गुळव्या तो स्वतःच. गुळव्या म्हणजे काहिलीत उकळणाऱ्या रसाकडं बघून 'आता उतरवा' म्हणणारा माणूस. म्हणायला शब्द दोन, पण ते एक मिनिट आधी आले तर गूळ धरत नाही आणि एक मिनिट उशिरा आले तर बुडाला लागतो. पलीकडं, रस्ता ओलांडला की त्याच्या थोरल्या चुलतभावाचं घर. हे नानासो. फौजेत हवालदार क्लार्क होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण कागद दिसला की अजून पाठ ताठ होते.

त्या पौषात ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअॅपवर एक मसुदा आला. हवेच्या दर्जासाठी प्रत्येक गुऱ्हाळानं धुराची नोंद ठेवायची. नमुना एक, रकाने एकोणीस, दिवसातून तीनदा: पेटवताना, उकळी असताना आणि काहील उतरवण्याआधी. चालकानं स्वहस्ते भरायचं. सोबत एक रंगपट्टी, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत चार घरांची. ती धुराकडं धरायची आणि कुठल्या घराशी रंग जुळतो ते लिहायचं. शेवटी बारीक अक्षरात होतं: 'सदर नमुना एकदा भरण्यास अंदाजे सहा मिनिटे लागतील. हा अंदाज योग्य आहे का, नोंदी कमी करता येतील का, याबाबत नागरिकांनी हरकती व सूचना तीस दिवसांत पाठवाव्यात.'

जोतीरामनं हे वाचलं आणि तीन वेळा 'सहा मिनिटं' म्हटलं. दर वेळी आवाज चढत गेला. सरकार काय मागतंय ते बघू म्हणून त्यानं दुसऱ्याच दिवशी एक नमुना भरून पाहिला. नेमका तिसऱ्या वेळेचा. हात धुतले, पट्टी शोधली, धुराकडं धरली, वाऱ्याची दिशा ठरवली आणि रकाना बारापर्यंत पोचला तेव्हा वास आला. काहील लागली होती. ते अख्खं आदण, म्हणजे काहीलभर रस, काळं पडलं आणि गुरांच्या वाट्याला गेलं. गुळव्याच्या हातून आदण जाणं म्हणजे काय, हे ज्यानं गुऱ्हाळ बघितलंय त्याला सांगायला नको. 

तिसऱ्या दिवशी तो नानासोंच्या ओट्यावर जाऊन बसला.

"दादा, ह्यो नमुना आला तर गुऱ्हाळ बंद. न्हाईतर दुसरा गुळव्या ठिवायचा. माझं डोळं कागदात आन गूळ परक्याच्या हातात. मला न्हाई जमायचं."

"हरकत घ्यायची," नानासो म्हणाले.

"घितली की. सकाळपास्नं शिव्याच देतोय."

"शिव्यास्नी पोच मिळत न्हाई, गड्या. पुरावा लागतो. सहा मिनिटं म्हणत्यात ना? आपण मोजायची. एकवीस दिवस. कच्ची नोंद, पक्की नोंद, तीन प्रती. आन जे दिसंल तेच लिवायचं. खोटा रिपोर्ट आपल्याला चालत न्हाई."

नानासोंचं यात काय जमा होत होतं, तेही सांगायला हवं. अकरा वर्षांत 'हे तुम्हीच करू शकता' असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. जोतीरामही म्हणाला नाही, पण त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला नानासो मनगटी घड्याळ आणि खाकी फाईल घेऊन गुऱ्हाळावर हजर. लाकडी खुर्ची चुलवाणापासून दहा पावलांवर. जोतीराम हलला की ते घड्याळ बघत आणि लिहीत: हात धुणे, चार मिनिटे. पुसणे, एक. चष्मा शोधणे, दोन. चष्मा डोक्यावर सापडणे, यासाठी वेगळा रकाना नसल्यामुळे त्यात समाविष्ट.

"दादा, चष्म्याचं कशाला लिवता?"

"दिसंल ते."

चौथ्या दिवशी वेगळीच अडचण निघाली. रंगपट्टी खिळ्याला टांगलेली होती. वाफ आणि धूर खाऊन तिचं पांढरं घर चहासारखं झालं. धूर पांढरा निघाला तरी पट्टीवर पांढरं उरलंच नव्हतं. नवी पट्टी आणायला नानासो पलूसला जाऊन आले आणि त्याचीही पंचावन्न मिनिटं वेगळ्या कागदावर मांडली. मग नवी पट्टी मनुबाईनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आपल्या बचत गटाच्या रजिस्टरात ठेवली. कच्च्या नमुन्यांची तऱ्हा याहून वाईट. गुळाच्या बोटांचे ठसे पडलेले, त्यावर मुंग्या. पहिल्याच रात्री मुंग्यांनी रकाना सात कुरतडला. नानासोंनी त्याखाली 'मुंग्या' असं लिहून सही केली.

म्हणून पक्की नोंद मनुबाईकडं आली. ती गटाची सचिव. अक्षर असं की बँकेतला माणूस तिचं रजिस्टर दुसऱ्या गटांना दाखवायचा. रोज संध्याकाळी ती कच्च्यावरून तीन प्रती काढी. जोतीराम आकडे भरायचा, पण शेवटचे दोन रकाने, 'इंधन' आणि 'शेरा', कंटाळून कोरे सोडायचा. मनुबाई ते भरी. जोतीराम न वाचता सही करी. नानासो मिनिटांची बेरीज तपासत, तीही दोनदा, आणि फाईल बंद करत.

एकवीस दिवसांनी सरासरी निघाली. एका वेळेला सतरा मिनिटं. दिवसाला एक्कावन्न. सरकारी हिशोबानं अठरा.

"तेहतीस मिनिटांचा फरक," नानासो म्हणाले, आणि इतके खूश झाले की त्या रात्री त्यांनी दोनदा जेवण मागितलं, असं त्यांची बायको तानुबाई सांगते. तानुबाईला दम्याचा त्रास. ती सांगताना मध्ये थांबते.

सुनावणी सांगलीत होती. एका सरकारी कार्यालयाचा हॉल, निळ्या खुर्च्या, वर चार पंखे आणि चालू त्यातला एक. जोतीराम इस्त्रीच्या शर्टात, नानासो कोटात. मनुबाई दुसऱ्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन. आष्ट्याकडचे एक गृहस्थ आधी अर्धा तास बोलले. त्यात शेतकरी अकरा वेळा आला, नमुना एकदाही आला नाही.

समोर अधिकारी होत्या शरयू मॅडम. वाईच्या, चष्मेवाल्या, आवाज बारीक पण खणखणीत.

"एकशे बेचाळीस हरकती आल्या," त्या म्हणाल्या. "त्यातल्या एकशे चाळीस एकाच झेरॉक्सच्या आहेत. खाली नावं बदललेली. आम्ही विचारलं होतं, सहा मिनिटांचा अंदाज बरोबर आहे का? मोजून कुणी सांगितलं नाही. एकाच फाईलमध्ये मोजलंय. कुंडल. कोण आहे?"

नानासो असे उभे राहिले की खुर्ची मागं पडली.

"यात 'हात धुणे, चार मिनिटे' असं आहे. हात धुवायला चार मिनिटं?"

आता जोतीराम उठला. मनुबाईच्या पिशवीतून त्यानं केळीच्या पानात बांधलेला गुळाचा खडा काढला. सकाळचाच, अजून मऊ.

"मॅडम, ह्यातला चिमूटभर घ्या. लाच न्हाई, सगळ्यास्नी वाटणार हाय."

शरयू मॅडमनी हॉलकडं बघितलं. हॉल त्यांच्याकडं बघत होता. त्यांनी चिमूट घेतली, तोंडात टाकली.

"आता नमुना भरा."

त्यांनी नमुना उचलला. नमुना त्यांच्या बोटाला चिकटला, तो खाली ठेवता येईना. डाव्या हातानं सोडवायला गेल्या, तर डाव्यालाही लागला. शिपाई पाणी घेऊन आला. जोतीराम हळूच म्हणाला, "गार पाण्यानं निघत न्हाई मॅडम. कोमट लागतं." हॉल हसला. मॅडमही हसल्या. नानासो तेवढे हसले नाहीत. ते घड्याळ बघत होते.

"तीन मिनिटं चाळीस सेकंद," ते म्हणाले. "आन ही नुसती चिमूट हुती."

"मान्य," मॅडम म्हणाल्या. जोतीरामला तेव्हा गुऱ्हाळ परत मिळाल्यासारखं वाटलं. तो बसला. त्यानं मागं वळून मनुबाईकडं बघून मान हलवली. तिनं पदर सारखा केला.

मग मॅडमनी पुराव्याची पानं उलटायला सुरुवात केली. पक्की नोंद. उलटता उलटता त्यांचा वेग कमी झाला.

"अक्षर फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. आणि वाचू लागल्या. "'इंधन: टायर एक, नंतर चिपाड. धूर: घर चौथे, काळा. शेरा: तानुबाईंना खोकला, सात दहा ते सात चाळीस.' पुढचा दिवस. 'टायर अर्धा. काळा. शेरा: खोकला, सात पाच ते सात पस्तीस. दोनदा बसल्या.' हे... एकवीस दिवस आहे."

 

जोतीराम मागं वळला. "तू लिवलंस?"

"भावजी म्हणलं, दिसंल ते लिवा," मनुबाई म्हणाली. "दिसलं."

जोतीरामनं नानासोंकडं बघितलं. नानासोंचा कोट एकदम मोठा झाल्यासारखा दिसला.

"तुमी रोज तपासत हुता की, दादा!"

"मिनिटं तपासली. शेरा न्हाई बघितला." नानासोंनी मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सारलं. "शेरा सायबाचा असतो. क्लार्कनं शेरा वाचायचा नसतो. पंचवीस वरसं न्हाई वाचला."

"टायर कशासाठी?" मॅडमनी विचारलं.

"उसाचं चिपाड सकाळी दवानं वलं असतं," जोतीराम खाली बघून म्हणाला. "लवकर धरत न्हाई. टायरनं पटकन धरतं. नऊ हंगाम झालं, असंच करतोय."

"किती मिनिटं वाचतात?"

"पंचवीस," नानासो सवयीनं बोलून गेले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमची पंचवीस वाचतात आणि तानुबाईंची तीस जातात. तानुबाई कोण?"

नानासोच म्हणाले. आवाज लहान होता.

"आमच्या मंडळी."

मॅडमनी फाईल बंद केली. मग म्हणाल्या, "नियम अजून लागू नाही. टायरचं आज तोंडी सांगते. पुढच्या वेळी लेखी सांगीन. आणि तुमची हरकत बरोबर आहे. काहिलीपाशी उभ्या माणसाला कागद द्यायचा नाही. पण तुमच्या पुराव्यानं मला हेही कळलं की शेवटचे दोन रकाने काढून चालणार नाही."

परतीच्या एसटीत तिघं एका बाकावर. तासगाव मागं पडलं. मग नानासोंनी विचारलं, "रोज खोकती?"

"रोज. मी दूध द्याला जाती तवाच."

"मला कसं कळलं न्हाई?"

"तुमी तवा घड्याळ घिऊन आमच्याकडं बसल्यालं असता. त्याआदी त्या येळंला फिराय जायचा, कालव्यापत्तुर. तानुआक्का म्हणती, कशाला सांगायचं, त्येंचं लिवायचं काम चाललंय."

खिडकीशी बसलेला जोतीराम बाहेर बघत म्हणाला, "मला तरी सांगायचंस, मने."

"धा-बारा येळा सांगितलं. तुमी म्हणला, बघू. कागदावर लिवलं तवा सांगलीपत्तुर गेलं." तिनं तिकिटं पिशवीत ठेवली. "आन मिनिटं काय मी खोटी लिवली? तुमची हरकत पास झाली का न्हाई?"

 जोतीराम हसला, पण तिला दिसू नये म्हणून खिडकीकडं तोंड करून. तिला दिसलं.

पुढच्या हंगामात नियम आला. नमुना दिवसातून एकदाच, संध्याकाळी, घरातल्या कुणीही धुतल्या हातानं भरायचा. रकाने सात. इंधन आणि शेरा कायम. शेऱ्याची जागा वाढवलेली. खाली छापलंय: 'अंदाजे अकरा मिनिटे लागतील.' नानासोंनी मोजून पाहिलं. अकरा लागतात. यावर त्यांनी काही हरकत घेतली नाही, थोडं वाईट मात्र वाटलं.

आता जमाखर्च. अकरा मिनिटं रोज मनुबाई भरते. पेटवणीची पंचवीस जोतीराम भरतो, चुलवाणापुढं गुडघे टेकून, चिपाड फुंकत. एक्कावन्न वाचवायला निघाला होता, त्यातून ही गेली. नानासोंनी माळ्यावर जपून ठेवलेली फौजेतली ताडपत्री दिली, चिपाड दवात भिजू नये म्हणून. पावणेसातची खुर्चीही त्यांनी सोडली. त्या वेळेला ते आता घरात असतात, चहा करतात, बेताचा. तानुबाई दार उघडं ठेवून तो पिते. तिच्या नावावर या हंगामात काहीच खर्च पडला नाही. मागचे नऊ हंगाम रोजची तीस मिनिटं तिनं आधीच भरलेली होती.